किल्लेदाराची चाकरी

नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागले म्हणजे काही कोसांतच रामशेजचा किल्ला दिसू लागतो. सह्याद्रीतल्या इतर गडांच्या मानाने तो इतका ठेंगणा, की या टेकाडाने औरंगजेबाच्या फौजांना काही वर्षे झुंजवत ठेवले, हे इतिहास ठाऊक नसलेल्या वाटसरूला सांगून खरे वाटू नये. १६८२ साली औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीनखान याला वेढा घालून बसला. लाकडी दमदमे उभारून झाले, सरदार बदलून झाले. आणि मौज अशी, की ज्यांना गड घेता आला नाही त्या सरदारांची नावे दप्तरांत जागच्या जागी आहेत, पण ज्याने तो राखला त्या किल्लेदाराचे नाव निर्विवादपणे सांगता येत नाही. फुटबॉलमधील बचावपटूच्या पेशाविषयी लिहावयास बसलो आणि प्रथम स्मरण झाले ते या किल्लेदाराचे.

आमचे नाशिक हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. कविता राऊतची धाव आणि दत्तू भोकनळची वल्ही यांचे आम्हांला कौतुक. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांच्या सामन्यापायी शाहू स्टेडियम भरून टाकणारे लोक कोल्हापूरचे. तथापि गंगापूर रस्त्यावरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात सायंकाळी पोरे चेंडूमागे धावताना पाहिली, म्हणजे या खेळातली मानकऱ्यांची उतरंड चटकन ध्यानात येते. चेंडू ज्याच्या मालकीचा तो सर्वांत पुढे, त्याचे स्नेही त्याच्या अवतीभोवती, आणि ज्याला ‘तू मागे थांब’ असा हुकूम होतो तो मुलगा, आपल्यावर काही विश्वासाचे काम सोपविले आहे याची जाणीव नसल्यामुळे, हिरमुसल्या तोंडाने मागे जाऊन उभा राहतो.

वास्तविक ते काम चेंडू लाथाडून दूर घालविण्याइतके सोपे नाही. गोलरक्षकासमोर मधोमध उभे राहणारे सेंटर बॅक आणि दोन्ही कडा सांभाळणारे फुलबॅक अशा सामान्यतः चौघांची मिळून एक न आखलेली रेषा असते. ती रेषा चौघांनी योग्य क्षणी एकदम पुढे सरकविली तर प्रतिपक्षाचा आघाडीवीर ऑफसाइड ठरतो, आणि चौघांपैकी एकाचेही पाऊल मागे रेंगाळले तर तोच आघाडीवीर निर्वेधपणे गोलरक्षकासमोर जाऊन ठाकतो. चेंडूवर लक्ष ठेवावे तर माणूस निसटतो, माणसावर ठेवावे तर चेंडू. म्हणून कसलेला बचावपटू अंग किंचित तिरपे ठेवून दोहोंवर नजर ठेवतो, आणि पुढे होऊ घातलेला पास कोणत्या वाटेने येईल याचा अदमास बांधून आधीच त्या वाटेवर जाऊन उभा राहतो. गवतावर लोळण घेत केलेल्या टॅकलला प्रेक्षक टाळ्या देतात खरे. पण ती बहुधा दोन पावले आधी झालेल्या चुकीची भरपाई असते. मला स्वतःला, ज्याची विजार सामना संपेपर्यंत स्वच्छ राहते, असा बचावपटू अधिक हुशार वाटतो.

या पेशातली बहुतेक वळणे एकाच कारकिर्दीत पाहावयाची असतील तर मुंबईचा राहुल भेके पाहावा. १९९० सालचा त्याचा जन्म. मुंबई एफ.सी. या क्लबाकडून खेळून तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग तेव्हा वर्षातले दोन-तीन महिनेच चाले, आणि आय-लीगमधल्या क्लबांचे खेळाडू तेवढ्या मुदतीपुरते तिकडे जणू तैनातीवर जात. भेकेही २०१५ साली केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ साली पुण्याकडे असाच गेला. पैकी केरळचा संघ २०१५ साली तक्त्यात अगदी तळाशी राहिला, आणि तळाच्या संघातल्या बचावपटूला नेटके खेळूनही काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. २०१७ साली तो बंगळूरकडे आला. उजवा फुलबॅक म्हणून वावरलेल्या या खेळाडूला पुढे मधल्या जागेवर आणले गेले. फुलबॅकला कडेने धावत जाऊन हल्ल्यालाही हातभार लावावा लागतो, तर सेंटर बॅकला धावण्याचा मोह आवरावा लागतो. पाय मंदावू लागतात आणि नजर पिकू लागते त्या वयात बऱ्याच जणांची अशी बदली होते.

आता भेकेच्या सर्वांत प्रसिद्ध गोलाकडे वळू. १७ मार्च २०१८ रोजी लीगच्या अंतिम सामन्यात बंगळूरचा संघ स्वतःच्याच मैदानावर चेन्नईकडून ३-२ असा हरला होता, आणि त्या तिनांतले दोन गोल माइल्सन आल्वेस या बचावपटूने कॉर्नरवर डोक्याने मारले होते. कॉर्नर मिळाला की उंचापुरे बचावपटू आपला गड मागे टाकून शत्रूच्या दारात जातात, कारण एरवी चेंडू परतविण्यासाठी कमावलेले डोके तिथे गोलासाठी वापरता येते. नेमक्या एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीच्या मैदानावर बंगळूर आणि गोवा यांचा अंतिम सामना गोलशून्य अवस्थेत जादा वेळेत गेला. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि भेकेने डोक्याने चेंडू आत घातला. मुंबईच्या मुलाने मुंबईतच बंगळूरला चषक मिळवून दिला, आणि एका रात्रीत त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

भारतीय संघातला त्याचा प्रवेश त्यानंतरचा. जून २०१९ मध्ये थायलंडात क्युरासावविरुद्ध तो प्रथम खेळला तेव्हा वयाची अठ्ठाविशी उलटली होती, आणि तो सामना भारत ३-१ असा हरला. परंतु १० सप्टेंबरला दोहा येथे त्या वेळच्या आशियाई विजेत्या कतारविरुद्ध, आणि तेही कप्तान सुनील छेत्री आजारी असताना, भारताने गोलशून्य बरोबरी केली. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, मधे संदेश झिंगन आणि आदिल खान, उजवीकडे भेके, तर डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी अंधेरीत प्रतिपक्षाचा असलेला गडी. कतारचे लोंढे नव्वद मिनिटे येत राहिले आणि गोलफलक कोराच राहिला. अंधेरीचा तो हेडर लोकांच्या लक्षात राहिला. मला दोहाचे शून्य अधिक भारी वाटते, कारण हेडरला एक क्षण पुरतो, शून्याला संपूर्ण सामना राखावा लागतो.

पुढे भेके मुंबई सिटीकडे आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्ध विजयी गोल, पुन्हा डोक्यानेच, त्याने केला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिलाच सामना. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबईचा कप्तान या नात्याने त्याने चषक उचलला, आणि मग तो बंगळूरला परतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबादेत मलेशियाविरुद्ध बरोबरी साधून देणारा गोलही त्याचाच.

१९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत ३-० असा जिंकला. वर्षाहून अधिक काळ रखडलेला हा विजय होता. पहिला गोल भेकेचा, कॉर्नरवरून, डोक्याने. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतला मथळा अर्थातच, निवृत्तीतून परतून तिसरा गोल करणाऱ्या छेत्रीच्या वाट्याला गेला.