गाठीचा तुकडा जपा, औषध त्यावरच ठरतं

स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, की घरात पहिला प्रश्न येतो, "ऑपरेशन कधी?" पण आधी डॉक्टरांना विचारायचं, "गाठीच्या तुकड्यात ईआर, पीआर, हर-टू काय आलं?"

का विचारायचं? आपण वावरात तणनाशक आणतो, तेव्हा दुकानदार विचारतो, तण रुंद पानाचं की लांब पानाचं? चुकीचं औषध मारलं, तर पैसा जातो आणि तण तसंच राहतं. गाठीचंही तसंच आहे. स्तनाचा कर्करोग एकाच प्रकारचा नसतो.

शरीरातली पेशी वाढीचा निरोप आला, की दुभंगते. हा निरोप घेणारी काही प्रथिनं पेशीत असतात. त्यांना पेशीचे कान म्हणू. ईआर आणि पीआर हे कान बाईच्या शरीरातल्या हार्मोनचा निरोप ऐकतात. हर-टू हा पेशीच्या वरच्या बाजूला असलेला कान. तो फार वाढला, तर पेशी भराभर दुभंगतात. रिपोर्टवर की-६७ असंही लिहिलेलं असतं. हे प्रथिन दुभंगणाऱ्या पेशींतच दिसतं, म्हणून गाठ किती वेगाने वाढते याचा अंदाज त्यावरून येतो. जर्मनीतल्या कील शहरात ते सापडलं, म्हणून नाव 'की'.

तपासणीत तुकड्याचा केसाहून पातळ काप काचेवर घेऊन त्यावर खास द्रव्य टाकतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो. ईआर आढळला, तर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी मिळते. ती स्वस्त आहे. पाच वर्षं न चुकता घेतली, तर या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. हर-टू तीन प्लस असेल, तर त्यावर वेगळं इंजेक्शन आहे. दोन प्लस आलं, तर आणखी एक तपासणी करावी लागते. तिन्ही नसतील, तर या गोळीचा उपयोग नाही, पण केमोथेरपी आहे. म्हणून हिंमत सोडू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. तुकडा काढल्यावर साधारण तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा. नुसत्या पाण्यात किंवा कोरडा पडून राहिला, तर प्रथिनं खराब होतात. मग ईआर असूनही रिपोर्टमध्ये 'नाही' येऊ शकतं आणि बाई त्या गोळीला मुकते. तालुक्याच्या गावी तुकडा काढून अकोला, अमरावती किंवा नागपूरला पाठवत असतील, तर विचारा, "फॉर्मालिनमध्ये ठेवला ना? किती वाजता?" यात लाजायचं नाही.

सुई टोचली की गाठ पसरते, असं काही बाया म्हणतात. ते खरं नाही. त्या भीतीने तपासणी टाळू नका.

तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या दवाखान्यात जायचं ठरलं, तर ब्लॉक, काचा आणि रिपोर्ट मागून घ्या. पुन्हा तपासायला तेच लागतं. अकोल्याचं संत तुकाराम हॉस्पिटल असो, की नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, सोबत कागद असले की वेळ वाचतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत न्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. कोणाला गाठ लागत असेल, तर तिला एकटीला पाठवू नका. एक जण सोबत जा आणि हे प्रश्न तुम्ही विचारा.