पिल्लाच्या आधी त्याची आई पाहा

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, वरळीतल्या एका बाईंनी विचारलं होतं, "सर, नातीला लॅब्राडोरचं पिल्लू हवंय. विकणारा माणूस चांगला आहे हे ओळखायचं कसं?" प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. पण ह्या बाबतीत आम्ही स्वतः पोळलेलो आहोत, म्हणून आज तोच घेऊ.

2003 साली हच कंपनीची जाहिरात आली. मुलाच्या मागेमागे फिरणारा तो पग आठवत असेल. जो तो पग शोधत होता, आणि आम्हीही त्यातलेच. एक माणूस आमच्या इमारतीखाली गाडीतून पिल्लू घेऊन आला. "पंचेचाळीस दिवसांचं आहे, कागद मागाहून देतो." कागद आलेच नाहीत. चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. परळला डॉक्टरांकडे नेलं. पार्व्हो. त्यांनी विचारलं, "आईला लसी दिल्या होत्या का?" आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या पिल्लाला आई असेल, हेच आमच्या डोक्यात आलं नव्हतं! पिल्लू गेलं. हा आजार लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे बहुधा ते आजार घेऊनच आलं होतं.

आता गंमत पाहा. केंद्र सरकारने 2017 मध्ये श्वान-प्रजननाचे नियम केले. ते वाचले तर त्यातला महत्त्वाचा भाग आईबद्दलच आहे. अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. बारा महिन्यांत एकाहून जास्त वेत नाही, जन्मात पाचांहून जास्त नाहीत, आणि आठ वर्षांनंतर मुळीच नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. आमचं पंचेचाळीस दिवसांचं होतं, हिशेब तुम्हीच करा. ह्या आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून बरंच शिकतं. चावा किती जोरात घ्यायचा हेसुद्धा! शिवाय प्रजनन करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. तो दाखला बेधडक मागा. मागायला लाजायचं काय?

केनेल क्लबच्या कागदाबद्दल एक गैरसमज असतो. तो कागद वंशावळ सांगतो, प्रकृती सांगत नाही. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड ह्यांच्यात खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. तेव्हा आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हे विचारा. खाण तशी माती, दुसरं काय!

पण कागदांपेक्षा घरी जाऊन पाहणं मोलाचं. आई कुठे झोपते? माणूस जवळ आला की शेपटी हलवते की कोपऱ्यात दबते? दूध पाजणारी कुत्री थोडी रोडावते, त्याला घाबरू नका. "आई गावाला आहे" म्हणणाऱ्याकडून मात्र परत फिरा.

इथे खरा पेच येतो. समोर मरतुकडं पिल्लू असतं आणि मन म्हणतं, निदान ह्याला तरी सोडवू. कांटच्या मते प्राण्यांविषयी आपलं कर्तव्य अप्रत्यक्ष असतं. इथे आमचं त्याच्याशी जमत नाही, दया खरीच असते. पण आपण दिलेल्या पैशातून त्याच आईचं पुढचं वेत निघतं. एक पिल्लू सुटतं, आई अडकलेलीच राहते. आम्हाला विचाराल तर पैसे देऊ नका, तक्रार करा. सोपं नाही, हे कबूल.

आणि चांगला माणूस आपलीच परीक्षा घेतो. दिवसभर घरी कोण असतं, पावसाळ्यात फिरवणार कोण, नाही जमलं तर काय कराल? "नाही जमलं तर माझ्याकडेच परत आणा" असं म्हणणारा भेटला की समजावं, हा विकून हात झटकणारा नव्हे. मे महिन्यात आपल्या सी फेसवर धापा टाकणारे हस्की दिसतात ना, ते विकताना असा एक तरी प्रश्न कुणी विचारला असेल का?

परवा त्या बाईंचा फोन आला. पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यांना तासभर प्रश्न विचारले, आई दाखवली, आणि सांगितलं की सध्या पिल्लू नाही, दिवाळीनंतर बघू. नात रुसून बसली आहे म्हणे.