यंत्राला प्रश्न कसा विचारावा?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आज अमरावती-अकोल्याच्या घराघरांत ऐकू येतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी हे संवाद करणारे यंत्र सर्वांसाठी खुले केले. त्यापाठोपाठ गुगलचे जेमिनी आले, आणि जून २०२४ पासून आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपमध्येच मेटा एआय मिळू लागले. आमच्या अभ्यासिकेतील विद्यार्थी आता शब्दकोशाआधी या यंत्राकडे वळतात. त्यांनी वळू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु यंत्राला विचारावे कसे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही, आणि त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागते.

मागील वर्षीचा एक प्रसंग येथे नमूद करावासा वाटतो. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातून अमरावतीला शिकायला आलेल्या एका मुलीला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन व निवासाच्या खर्चाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मुलीने मोबाईलवर विचारले, "स्वाधारची शेवटची तारीख काय?" यंत्राने तत्काळ एक तारीख सांगितली. ती निर्धास्त झाली. प्रत्यक्षात ती तारीख आधीच्या कुठल्या तरी वर्षाची होती. खरी मुदत मैत्रिणीकडून कळली तेव्हा हातात दोन दिवस होते आणि उत्पन्नाचा दाखला निघायचा होता. तो वेळेत निघाला नाही. मजुरी करणाऱ्या वडिलांनी खोलीचे भाडे कसे भरले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

यात त्या मुलीचा दोष आम्ही मानत नाही. उत्तर इतक्या आत्मविश्वासाने आले होते की आमच्यापैकी कोणीही फसला असता. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम हे यंत्र काय करते ते समजून घेऊ. त्याला प्रचंड प्रमाणात मजकूर वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येणे संभवते, हे ते त्यातून शिकते आणि त्या आधारे एकेक शब्दखंड जोडत उत्तर तयार करते. म्हणजे पुष्कळदा ते माहिती 'काढून' देत नाही, उत्तर 'रचून' देते. माहिती असली तर रचलेले उत्तर खरे निघते. माहिती नसली तरी वाक्य तितकेच सफाईदार येते. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोध घेऊनही उत्तर देतात, तरी कोणत्या वर्षाचे पान त्यांच्या हाती लागेल याचा नेम नसतो.

जुन्या माणसांना तहसील कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस आठवत असतील. आपले आजोबा त्यांच्यापुढे उभे राहून एवढेच म्हणत, "साहेब, जमिनीचा अर्ज लिहून द्या." चांगला अर्जनवीस लगेच लेखणी उचलत नसे. गाव कोणते, तालुका कोणता, गट नंबर किती, अर्ज कोणाकडे, मागणी नेमकी काय, असे पाच-सात प्रश्न तो आधी विचारी. मोबाईलमधील यंत्र हाही एक अर्जनवीसच आहे, पण बहुतेक वेळा ते उलट प्रश्न न विचारताच लिहायला बसते. गाव-तालुका ते मनानेच धरून चालते. तेव्हा अर्जनवीस जे विचारी, ते आपण आधीच सांगितले पाहिजे. चांगल्या प्रॉम्प्टचे, म्हणजे यंत्राला द्यावयाच्या सूचनेचे, सारे मर्म एवढेच आहे.

सांगावयाच्या गोष्टी पाच. आपण कोण व कोठले. काम नेमके कोणते. आपल्याजवळ आधीच काय माहिती आहे. उत्तर कशा स्वरूपात हवे. आणि यंत्राने काय करू नये.

वरील मुलीने असे लिहिले असते तर? "मी अमरावती शहरात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला शिकते. अनुसूचित जाती प्रवर्ग आहे, शासकीय वसतिगृह मिळालेले नाही. चालू शैक्षणिक वर्षासाठी स्वाधार योजनेच्या अटी व कागदपत्रे क्रमवार सांगा. प्रत्येक माहिती कोणत्या वर्षाची आहे ते लिहा आणि शासकीय संकेतस्थळाचा दुवा द्या. तारीख नक्की माहीत नसेल तर अंदाज करू नका, तसे स्पष्ट सांगा." या प्रश्नाने कागदपत्रांची यादी वेळेवर हाती आली असती, आणि तारखेची खात्री करायला समाजकल्याण कार्यालयात गेले पाहिजे हेही कळले असते. स्वाधारच्या नियमांत वेळोवेळी बदल झाले आहेत. म्हणून वर्ष न लिहिता विचारलेला प्रश्न अर्धाच राहतो.

दुसरे उदाहरण अभ्यासाचे. "अंबादेवी सत्याग्रहावर निबंध लिहा" असे म्हटले की यंत्र दोन पाने भरून देईल. परंतु त्यात महाडचे चवदार तळे (मार्च १९२७), नाशिकचे काळाराम मंदिर (मार्च १९३०) आणि अमरावतीचे अंबादेवी मंदिर यांची सरमिसळ होण्याची भीती असते, कारण पहिल्या दोन लढ्यांविषयी मजकूर विपुल आहे आणि आपल्या अमरावतीविषयी अल्प. त्याऐवजी आधी आपण वाचावे, टिपणे काढावीत आणि मग लिहावे: "अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. खाली माझी टिपणे देत आहे. केवळ यांच्या आधारे मला दहा प्रश्न एकेक करून विचारा, माझे उत्तर तपासा, चूक असेल तेथे कारण सांगा. टिपणांत नसलेली माहिती घालू नका." येथे यंत्र निबंध लिहीत नाही, परीक्षक होते. परीक्षेच्या दालनात मोबाईल सोबत नसतो, डोक्यात उतरलेले तेवढेच कामी येते. मूळ आधारासाठी 'बहिष्कृत भारत'चे शासनाने पुनर्मुद्रित केलेले अंक आणि 'लेखन आणि भाषणे'चे खंड ग्रंथालयात पाहावेत.

तिसरे उदाहरण शेतीचे, कारण आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आजही शेतात आहेत. "पऱ्हाटीवर अळी आली, औषध सांगा," हा प्रश्न अपुरा तर आहेच, धोक्याचाही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण विसरू शकत नाही. त्यापेक्षा असे लिहावे: "अकोला तालुक्यात कोरडवाहू कपाशी आहे. पेरणीला ९० दिवस झाले. शेतात फिरून २० हिरवी बोंडे फोडली, ३ बोंडांत गुलाबी अळी सापडली. ही संख्या फवारणीच्या मर्यादेपलीकडे आहे काय? फवारणीआधी काय काळजी घ्यावी? औषधाची मात्रा सांगू नका, ती मी तज्ज्ञांना विचारीन." साधारणतः १० टक्के बोंडांत, म्हणजे २० पैकी २ मध्ये, अळी आढळली तर उपाय करावा असे मानतात. अंतिम सल्ला मात्र कृषी अधिकाऱ्याचा किंवा १९६९ पासून अकोल्यात उभ्या असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचाच घ्यावा, आणि डब्यावरील सूचनापत्र वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

येथे भाषेचा मुद्दा येतो. या यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीच्या मानाने मराठी फारच कमी आणि वऱ्हाडी तर नगण्य. 'पऱ्हाटी' लिहिल्यास 'म्हणजे कपाशीचे झाड' असे जोडावे. संत्र्याविषयी विचारताना आंबिया बहार की मृग बहार, तेही लिहावे. बोलून विचारले असेल तर मोबाईलने काय ऐकले ते एकदा वाचून पाहावे. उत्तर जड आले तर "दहावीच्या विद्यार्थ्याला कळेल अशा सोप्या मराठीत सांगा" म्हणावे. आपली भाषा सोडण्याचे कारण नाही, थोडे अधिक स्पष्ट करून लिहावे एवढेच.

प्रश्नांविषयी एक जुना विवेकही सांगण्याजोगा आहे. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींचे उत्तर सरळ द्यावे, काहींचे विभागून द्यावे, काहींना आधी प्रतिप्रश्न करावा, आणि काही बाजूला ठेवावेत. यंत्राला हा विवेक आपण सूचनेतून देऊ शकतो. प्रश्नाच्या शेवटी दोन वाक्ये जोडावीत: "उत्तर देण्यापूर्वी काही माहिती कमी वाटत असेल तर मला आधी प्रश्न विचारा. नक्की माहीत नसेल तर माहीत नाही असे म्हणा." आमच्या अभ्यासिकेत आम्ही ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून ठेवली आहेत. त्याने चुका संपत नाहीत, पण पुष्कळ कमी होतात.

पहिल्या उत्तरावर थांबूही नये. "हे कशावरून म्हणता?", "यातील कोणता भाग मी कार्यालयात विचारून पक्का करावा?" असे पुढे विचारीत जावे. दिलेला दुवा स्वतः उघडून पाहावा. आणि आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी किंवा दाखल्यांची छायाचित्रे यंत्राला कधीही देऊ नयेत. चांगल्या उत्तरासाठी आपली परिस्थिती सांगावी लागते, आपले क्रमांक लागत नाहीत.

आपल्या आजोबांना अर्जनवीसाने काय लिहिले ते वाचता येत नव्हते. त्यांनी विश्वासाने अंगठा उमटवला आणि काहींची शेती त्या अंगठ्याखाली गेली. आपल्याला वाचता येते. तेव्हा यंत्राने लिहिलेला प्रत्येक शब्द वाचून, तपासून मगच त्याखाली आपले नाव घालावे. सुशिक्षितांनीही न वाचता अंगठा उमटवावा, हे शोभणारे नाही.

ज्यांना शक्य आहे त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. आपापले प्रश्न एकत्र बसून लिहू आणि उत्तरे एकत्र तपासू. ती मुलगी यंदा आमच्यासोबत आहे. या वर्षीच्या अर्जदारांची कागदपत्रांची यादी तिनेच तयार केली आहे, आणि तारीख तिने कार्यालयात जाऊन विचारून आणली आहे.