पगार सोडणारा पाद्री

शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे गाव. इकडे पाद्री म्हटले की माणसाला आधी मिशनचा दवाखाना आठवतो. याच जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आहे. दवाखाना डोळ्यांना दिसतो, पण अशा कामाला आयुष्य वाहणाऱ्या माणसाचे मन कसे असते, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी मुंबईच्या एका पाद्र्याची हकिकत सांगत आहोत.

जॉर्ज बोवेन यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेत झाला. तरुणपणी ते धर्म मानत नव्हते. पुस्तके, संगीत आणि परक्या भाषा हेच त्यांचे विश्व. १८४४ मध्ये ज्या मुलीशी लग्न ठरले होते, ती आजारी पडून गेली. जाताना तिने आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवले. त्या दुःखातून हा माणूस ईश्वराकडे वळला आणि १८४८ च्या जानेवारीत मिशनरी म्हणून मुंबईत उतरला.

इथे आल्यावर ते मराठी शिकले आणि रस्त्यावर उभे राहून लोकांशी बोलू लागले. लवकरच त्यांना एक गोष्ट खटकली. आपण पगारासाठी बोलतो, असे ऐकणाऱ्याला वाटले तर बोलण्याला वजन कुठून येणार? वर्षभरातच त्यांनी मिशनचा पगार सोडला. गोऱ्यांच्या वस्तीतले घर सोडून साध्या खोलीत राहायला गेले आणि शिकवण्या करून पोट भरू लागले. पुढे अनेक वर्षे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवले.

१८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे मेथडिस्ट प्रचारक मुंबईत आले. नावापुरते ख्रिस्ती उरलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांना त्यांनी पुन्हा प्रार्थनेकडे आणले. घराघरांत छोट्या बैठका भरू लागल्या. नवी मंडळी उभी राहिली, ती परदेशी पैशावर नव्हे. खर्च मंडळीनेच उचलायचा, असा टेलर यांचा आग्रह होता. बोवेन यांना हे मनापासून पटले. ते मेथडिस्ट झाले आणि त्या कामात अखेरपर्यंत राहिले. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईतच त्यांनी डोळे मिटले. मुंबईतले बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभे आहे.

त्यांच्या प्रवचनांनी माणसांच्या रांगा लागल्या नाहीत. त्यांच्या हातून धर्मांतर करणारे फारच थोडे. तरी लोक त्यांना मान देत, कारण त्यांची राहणी आणि बोलणे एकच होते.

त्यांचा अकीदा आपला नाही, आणि तो फरक लपवण्याचे कारणही नाही. पण सूरह माइदामध्ये ख्रिस्ती लोकांतील गर्व न करणाऱ्या धर्मगुरूंचा आणि संन्याशांचा उल्लेख आहे. चांगले दिसले तर चांगले म्हणायला आपल्याला दीनच शिकवतो.

मात्र या गोष्टीतून एक उलटा अर्थ कुणी काढू नये. आपल्या गावोगावच्या मशिदींत इमाम साहेबांचा पगार वाढवायची वेळ आली की कुणीतरी हमखास म्हणतो, ‘दीनच्या कामाला पैसा कशाला?’ बोवेन यांचा पगार कुणी कापला नव्हता; तो त्यांनी स्वतः सोडला होता, आणि त्यांच्यामागे बायकामुले नव्हती. सादगी माणसाने स्वतःसाठी निवडायची असते, दुसऱ्याच्या घरावर लादायची नसते. इमाम साहेबांच्या मुलांची फी, घरातले आजारपण आणि किराणा ही जमातीची जबाबदारी आहे. टेलर यांच्या मंडळीने बाहेरच्या पैशाकडे न पाहता आपला भार आपण उचलला, तो धडा आपल्यासाठी आहे.

पुढच्या जुम्याला नमाजनंतर दोन मिनिटे थांबून इमाम साहेबांची विचारपूस करा. मशीद रंगवायला आपण वर्गणी काढतो. तिच्यात रोज पाच वेळा उभा राहणारा माणूस कसा जगतो, हेही एकदा पाहू या.