शोभेचं रताळं : कुंडी गेली, वेल राहिला

धरणगावात आमच्या ओट्यावर पोपटी पानांचा एक वेल कुंडीतून खाली लोंबतो. येणारे-जाणारे विचारतात, "सर, हा मनी प्लांट का?" नाही हो, हे रताळं! महाशिवरात्रीला आपण उकडून खातो, त्याचंच शोभेचं वाण. 'मार्गारिटा' पोपटी पानांचं, 'ब्लॅकी' काळपट जांभळ्या पानांचं. कंद यालाही धरतात, पण याची निवड झाली ती पानांच्या रंगासाठी, चवीसाठी नव्हे.

आता लावायचं कसं? निरोगी शेंड्याची वीतभर फांदी घ्या. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो, तो डोळा. डोळ्याच्या जरा खाली कापा. खालची दोन-तीन पानं काढून टाका, कारण मुळं फुटतात ती मुख्यतः या डोळ्यांपासून. फांदी पाण्याच्या ग्लासात ठेवा. डोळे पाण्यात, पानं बाहेर. पाणी एक दिवसाआड बदला. उबदार हवेत साधारण आठवड्यात पांढरी मुळं दिसतात. मग निचऱ्याच्या मातीत लावा. पावसाळ्यात थेट मातीत खोचली तरी चालते. कुंडीच्या तळाला भोक हवंच, पाणी साचलं की मुळं कुजतात. रंग खुलायला ऊन लागतं, पण आपल्या खानदेशातलं मे महिन्याचं दुपारचं ऊन नको.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. एका उन्हाळ्यात आठवडाभर गावाला गेलो, कुंडी गच्चीवरच राहिली. परतलो तर वेल पार वाळलेला. पण आदल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना एक फांदी दिली होती. त्यांनी त्या वेलाचीच फांदी आम्हाला परत दिली.

मग प्रश्न पडला, हा आमचाच वेल का? बियांपासून आलेलं रोप मूळ वेलाहून वेगळं निघतं. फांदीतून मात्र तेच गुण उतरतात. केळीचे मुनवे लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. तत्त्वज्ञान जरा थांबतं. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त देतात. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली, एकच का? तीच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. पण जळणं तुटलेलं नाही. वेलाचंही तसंच.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. वेल फक्त आपल्या कुंडीत जपला, तर एका उन्हाळ्यात संपू शकतो. चार घरी दिला तर टिकतो. ज्यांना हवा त्यांनी ओट्यावर यावं. कात्री तिथेच ठेवलेली असते.