कॉपी करायला गेले, चालू काम बंद पडले. टर्मिनलमध्ये ‘कंट्रोल+सी’ का चालत नाही?

अहिल्यानगर : संगमनेर असो, लोणी असो की कोपरगाव, अभियांत्रिकीच्या लॅबमध्ये लिनक्ससमोर पहिल्यांदा बसलेल्या विद्यार्थ्याची हमखास होणारी चूक म्हणजे ‘कंट्रोल+सी’. स्क्रीनवरची एरर कॉपी करायला बटणे दाबावीत, तर अर्ध्या तासापासून चाललेला प्रोग्रामच बंद! असे का होते आणि त्यावर उपाय काय, जाणून घेऊया.

नेमके कारण काय?

टर्मिनलमध्ये ‘कंट्रोल+सी’चा अर्थ ‘चालू काम थांबवा’ असा आहे. कट-कॉपी-पेस्टची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत लॅरी टेसलर आणि सहकाऱ्यांनी विकसित केली. कंट्रोल बटणाने संगणकाला इशारे देण्याची रीत मात्र त्याआधीच्या टेलिप्रिंटरच्या काळातली. टर्मिनलने ती जुनी रीत सोडलेली नाही.

मग कॉपी-पेस्ट कसे करायचे?

- लिनक्स : ‘कंट्रोल+शिफ्ट+सी’ने कॉपी, ‘कंट्रोल+शिफ्ट+व्ही’ने पेस्ट.
- विंडोज टर्मिनल : मजकूर सिलेक्ट केलेला असेल तर ‘कंट्रोल+सी’ने कॉपी होते, नसेल तर काम थांबते.
- पुटी : माउसने सिलेक्ट केले की आपोआप कॉपी, राइट क्लिकने पेस्ट.
- मॅक : ‘कमांड’ हे बटण वेगळे असल्याने गोंधळच होत नाही.
- मोबाइलवर टर्मक्स : स्क्रीनवर बोट दाबून धरा, पर्याय दिसतील. काम थांबवायचे असल्यास आवाज कमी करण्याचे बटण धरून ‘सी’ दाबा.

पेस्ट झाले, तरी कमांड चालत नाही?

नोट्स व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आल्या असतील तर आधी अवतरणचिन्हे तपासा. वर्ड सरळ चिन्हांची वळणदार चिन्हे करते आणि दोन छोट्या रेषांची कधी एकच लांब रेष होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही. संगणकाला मात्र ती वेगळीच अक्षरे वाटतात. ही चिन्हे हाताने पुन्हा टाइप करा. पेस्ट केलेल्या मजकुराच्या टोकांना ‘२००~’, ‘२०१~’ असे काही दिसू लागले तर ‘रिसेट’ ही कमांड इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा.

खरा धोका कुठे?

वेबसाइटवर दिसणारा मजकूर आणि क्लिपबोर्डवर जाणारा मजकूर एकच असेल, याची खात्री नसते. छुप्या मजकुराच्या शेवटी ‘एंटर’ दडलेला असेल तर पेस्ट करताक्षणी कमांड चालू शकते. नव्या टर्मिनलमध्ये याला अटकाव करण्याची सोय आहे. तरी अनोळखी कमांड आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून वाचावी.

याच युक्तीवर ‘क्लिकफिक्स’ हा फसवणुकीचा प्रकार चालतो. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोज+आर, मग कंट्रोल+व्ही आणि एंटर दाबायला लावतात. म्हणजे घातक कमांड वापरकर्ता स्वतःच्या हाताने चालवतो! खरी कॅप्चा तपासणी असे कधीच करायला सांगत नाही.

चुकून असे घडलेच तर इंटरनेट तातडीने बंद करा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि पैसे गेले असल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.