लिम्फोमा आहे, पण औषध नाही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. त्याच्या अनेक प्रकारांपैकी काही झपाट्याने वाढतात, तर काही वर्षानुवर्षे जवळजवळ जागच्या जागी राहतात. फॉलिक्युलर लिम्फोमा, मार्जिनल झोन लिम्फोमा, वाल्डेनस्ट्रॉमचा आजार आणि रक्तात दिसणारा सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) हे मंदगती गटातले मुख्य आजार. काख, मान किंवा जांघेतली न दुखणारी गाठ, वाढलेली प्लीहा किंवा सहज केलेल्या रक्ततपासणीत वाढलेल्या पांढऱ्या पेशी, असा त्यांचा सुगावा लागतो. अनेकदा रुग्णाला त्रास काहीच नसतो. अशा वेळी उपचार लगेच सुरू न करता ठरावीक अंतराने तपासणी करत राहणे ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. डॉक्टर तिला ‘वॉच अँड वेट’ किंवा ‘निरीक्षण’ म्हणतात.

बंगळुरूत कर्करोग म्हटले की पहिले नाव निघते ते 1973 साली सुरू झालेल्या किडवाई संस्थेचे. कर्नाटकभरातून, त्यात बेळगाव, निपाणी, कारवार या मराठी भाषकांच्या भागांतूनही, लोक उपचारासाठी या शहराची वाट धरतात. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात 1982 पासून ज्या तीन शहरांतील रहिवाशांची नोंद सुरू झाली, त्यांत मुंबई आणि चेन्नईबरोबर बंगळुरू होते. नोंदवहीत रुग्ण येतो तो निदान झाल्यावर. उपचार सुरू झाला की नाही, यावर ते अवलंबून नसते. निरीक्षणाखालील माणसाची हीच स्थिती असते : कागदोपत्री कर्करोगाचा रुग्ण, पण चिठ्ठीवर औषध नाही. या विसंगतीतूनच बहुतेक गैरसमज निघतात.

गैरसमज : गळ्यातली गाठ म्हणजे टीबी, औषधे घेऊन पाहावीत, नाही उतरली तर पुढचे बघू.

वस्तुस्थिती : भारतात मानेतल्या गाठींमागे क्षयरोग असणे खरोखरच सर्रास आढळते, त्यामुळे ही शंका घेणे योग्यच. पण पुराव्याशिवाय महिनोन्‌महिने टीबीची औषधे दिल्याने लिम्फोमाचे निदान लांबते. सुईने घेतलेल्या नमुन्यात सुट्या पेशी दिसतात, ग्रंथीची रचना दिसत नाही. लिम्फोमाचा प्रकार मात्र रचनेवरूनच ठरतो. म्हणून शक्य तिथे अख्खी ग्रंथी काढून बायोप्सी आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली जाते. नेमका प्रकार कळल्याखेरीज निरीक्षणाचा निर्णय घेताच येत नाही. भारतात हे विशेष महत्त्वाचे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील 2773 लिम्फोमांच्या अभ्यासात (2000) झपाट्याने वाढणारा डीएलबीसीएल (डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा) 34 टक्के, तर मंदगती फॉलिक्युलर 12.6 टक्के होता. पाश्चात्त्य देशांत फॉलिक्युलरचा वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक असतो. डीएलबीसीएलमध्ये थांबणे घातक ठरते, कारण तो वेळेवर उपचार मिळाल्यास बऱ्याच जणांत पूर्ण बरा होतो.

गैरसमज : कर्करोग जितक्या लवकर मारावा तितके आयुष्य वाढते.

वस्तुस्थिती : स्तन, तोंड किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत हे खरे आहे. दूरवर पसरलेल्या पण त्रास न देणाऱ्या मंदगती लिम्फोमाबाबत ते चाचणीत खरे ठरले नाही. ब्रिटनमध्ये 1981 ते 1990 या काळात अशा 309 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. एका गटाला क्लोरॅम्ब्युसिल हे औषध लगेच दिले, दुसऱ्यावर फक्त लक्ष ठेवले. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालांनुसार मध्यक आयुर्मान उपचार घेतलेल्यांत 5.9 वर्षे आणि निरीक्षणाखालच्यांत 6.7 वर्षे होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यात फरक नव्हता. निरीक्षण गटातल्या 19 टक्के रुग्णांना दहा वर्षांनंतरही केमोथेरपी लागली नव्हती. सत्तरी ओलांडलेल्यांत हे प्रमाण 40 टक्के होते. हे आयुर्मान त्या काळातल्या औषधांचे. आज फॉलिक्युलर लिम्फोमाचे अनेक रुग्ण पंधरा वर्षांहून अधिक जगतात.

रिटुक्सिमॅब हे औषध आल्यावर हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांनंतर नव्या उपचाराची गरज न पडलेले रुग्ण निरीक्षण गटात 46 टक्के, तर दीर्घकाळ रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत 88 टक्के होते. म्हणजे औषधाने पुढचा उपचार लांबला. आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. औषध घेणाऱ्या गटात आजाराशी मनाने जुळवून घेण्याचे गुण सुधारले, हेही त्याच चाचणीत आढळले. म्हणून काही रुग्णांसाठी लवकर रिटुक्सिमॅब हा चर्चेचा पर्याय ठरतो. औषधाअभावी होणारी तगमग खरी असते आणि ती डॉक्टरांपुढे मांडण्याजोगी असते.

गैरसमज : औषध देत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

वस्तुस्थिती : निरीक्षणामागे लिखित निकष असतात. फॉलिक्युलर लिम्फोमासाठी फ्रेंच अभ्यासगटाचे ‘गेल्फ’ निकष प्रचलित आहेत. 7 सेंटिमीटरहून मोठी एखादी गाठ, तीन किंवा अधिक ठिकाणी 3 सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, ताप, रात्री अंगावरचे कपडे भिजवणारा घाम किंवा घटणारे वजन, वाढलेली प्लीहा, छातीत किंवा पोटात पाणी, एखाद्या अवयवावर दाब, रक्तपेशींची घट : यांपैकी काही दिसले तर उपचाराचा विचार होतो. यांपैकी काहीच नसेल, तेव्हा निरीक्षण. केमोथेरपीने मळमळ, जंतुसंसर्ग आणि अस्थिमज्जेची हानी होऊ शकते. काही औषधांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. आयुष्य वाढत नसेल तर ही किंमत आधीच का मोजायची, हा या निर्णयामागचा हिशेब आहे. रुग्णाचे वय किंवा ऐपत पाहून तो घेतला जात नाही.

गैरसमज : मंदगती लिम्फोमा म्हटला की सगळ्यांनी थांबायचेच.

वस्तुस्थिती : आजार एकाच भागात, म्हणजे पहिल्या किंवा मर्यादित दुसऱ्या टप्प्यात असेल, तर फॉलिक्युलर लिम्फोमात साधारण 24 ग्रेची रेडिओथेरपी दिली जाते आणि त्यातले बरेच रुग्ण कायमचे बरे होतात. जठरातला माल्ट लिम्फोमा अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूशी जोडलेला असतो. प्रतिजैविकांनी जिवाणू गेला की पुष्कळांचा लिम्फोमाही विरतो. हिपॅटायटिस सीमुळे पोसलेला प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा त्या विषाणूवरच्या औषधांनी ओसरू शकतो. म्हणून थांबण्यापूर्वी टप्पा आणि कारण दोन्ही तपासले जातात.

गैरसमज : रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा चढला की उपचार सुरू झालाच पाहिजे.

वस्तुस्थिती : सीएलएलमध्ये 50 हजार किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तरी तेवढ्यावर निर्णय होत नाही. पेशी सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणे, हिमोग्लोबिन 10 च्या खाली जाणे, प्लेटलेट 1 लाखाखाली उतरणे, प्लीहा किंवा गाठी फार मोठ्या होणे, या गोष्टी जास्त बोलतात. एका रिपोर्टपेक्षा सलग रिपोर्टांची चाल महत्त्वाची. त्यासाठी प्रत्येक रिपोर्ट तारखेनुसार एकाच फायलीत ठेवणे आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करणे उपयोगी पडते. गाठीही कमी-जास्त होतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे 83 उपचाररहित रुग्णांच्या पाहणीत (1984) 19 जणांच्या गाठी काही काळ आपोआप आक्रसल्या होत्या.

गैरसमज : लक्ष ठेवणे म्हणजे दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन.

वस्तुस्थिती : पहिली एक-दोन वर्षे साधारण तीन महिन्यांनी, आजार स्थिर राहिला तर सहा महिन्यांनी भेट होते. डॉक्टर गाठी हाताने तपासतात, वजन आणि लक्षणे विचारतात, सीबीसी, एलडीएच, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात. त्रास नसताना वारंवार स्कॅन केल्याने किरणोत्सर्ग, खर्च आणि धास्ती वाढते, फायदा फारसा होत नाही. बेळगाव किंवा कारवारच्या रुग्णाला प्रत्येक रक्ततपासणीसाठी बंगळुरू गाठण्याची गरज नसते. रक्त गावात तपासून तज्ज्ञांची भेट ठरलेल्या वेळी घेण्याची सोय डॉक्टरांशी बोलून करता येते.

गैरसमज : थांबल्याने आजार उग्र रूप घेतो.

वस्तुस्थिती : फॉलिक्युलर लिम्फोमाचे झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमात रूपांतर होण्याचा धोका दरवर्षी सुमारे 2 ते 3 टक्के असतो. लगेच उपचार घेतल्याने तो टळतो, असे वर उल्लेखलेल्या चाचण्यांत दिसले नाही. रूपांतराच्या खुणा मात्र ओळखून ठेवाव्यात : एकच गाठ आठवड्यांत भराभर वाढणे, कारण नसताना सततचा ताप, घाम, वजनात मोठी घट, एलडीएच एकाएकी चढणे. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे असते. पेट स्कॅनचा खरा उपयोग इथे होतो, कारण सर्वाधिक चमकणाऱ्या गाठीची बायोप्सी घेता येते.

गैरसमज : औषध नाहीच, तर तोवर काढे घ्यावेत, साखर सोडावी.

वस्तुस्थिती : साखर पूर्ण बंद केल्याने लिम्फोमा उपाशी मरतो, याला पुरावा नाही, पेशींना लागणारे ग्लुकोज शरीर भात-भाकरीतूनही बनवते. काढ्यांबाबत सावधगिरी हवी. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, यकृताचे आकडे बिघडले तर ते लिम्फोमामुळे की काढ्यामुळे हे ओळखणे अवघड होते. त्यामुळे घेतली जाणारी प्रत्येक पुडी आणि चूर्ण डॉक्टरांना सांगावे. रोजचे चालणे, पुरेसे जेवण आणि तंबाखू सोडणे यांचा फायदा मात्र निर्विवाद आहे.

गैरसमज : प्रतिकारशक्ती कमी, म्हणून लस घेऊ नये.

वस्तुस्थिती : उलट, उपचार सुरू होण्याआधीचा काळ लसीकरणाला सोयीचा असतो, कारण रिटुक्सिमॅबनंतर कित्येक महिने लसीला शरीराचा प्रतिसाद क्षीण राहतो. फ्लूची लस दरवर्षी, तर न्यूमोकॉकसची लस डॉक्टर सांगतील तशी सुचवली जाते. नागिणीवरची रिकॉम्बिनंट लस भारतात 2023 पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र टाळल्या जातात.

गैरसमज : हा आजार घरात पसरतो, पुढच्या पिढीत उतरतो.

वस्तुस्थिती : लिम्फोमा स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा शरीरसंबंधातून पसरत नाही. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यात धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त आढळतो, सीएलएलमध्ये अधिक. पण मुळात आजारच विरळ असल्याने त्यांतल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. निरोगी नातेवाइकांची सरसकट तपासणी सुचवली जात नाही. रुग्णाची नोकरी, प्रवास, घरकाम, व्यायाम हे सारे चालू राहू शकते.

गैरसमज : उपचार नाही, म्हणजे विमा कंपनीला सांगायची गरज नाही.

वस्तुस्थिती : निदान झाले की तो आधीपासूनचा आजार ठरतो आणि नवी पॉलिसी घेताना तो सांगावाच लागतो. लपवल्यास पुढे दावा फेटाळला जाऊ शकतो. विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. गंभीर आजाराची एकरकमी पॉलिसी वेगळी असते. तिच्या प्रमाणित व्याख्येत सीएलएलचे टप्पे ठरवणाऱ्या राय पद्धतीच्या तिसऱ्या टप्प्याखालचा आजार धरलेला नाही, त्यामुळे निरीक्षणाखालच्या बहुतेक सीएलएल रुग्णांना तिची रक्कम मिळत नाही.

गैरसमज : अखेर उपचार घ्यावा लागला, म्हणजे थांबणे चुकले.

वस्तुस्थिती : बऱ्याच रुग्णांना केव्हातरी उपचार लागतोच, थांबण्याचा हेतू तो कायमचा टाळणे हा नसतो. औषधावाचूनची वर्षे मिळतात आणि त्या काळात उपचारही बदलतात. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने 2007 साली रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती बाजारात आणली. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या देशातल्या पहिल्या कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून केलेल्या) उपचाराला 2023 साली मान्यता मिळाली, तर 2025 साली बंगळुरूच्या इम्युनील कंपनीने आपला कार-टी उपचार उपलब्ध केला. हे दोन्ही उपचार आजार उलटलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी आहेत. फॉलिक्युलर लिम्फोमात पहिल्यांदा उपचार लागतो तेव्हा सहसा रिटुक्सिमॅबसह बेंडामस्टीनसारखे औषध दिले जाते. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी अनिवार्य असते, कारण रिटुक्सिमॅबमुळे सुप्त विषाणू जागा होऊ शकतो.